स्वतंत्र लीगचे अधिकृत बेसबॉल चेंडू कसे जमवावेत

शेल्फवर सात-आठ चेंडू मांडलेले असतात. एक फाऊल होऊन (बॅटला लागून खेळाच्या रेषांबाहेर जाऊन) आलेला, दोन क्लबच्या दुकानातले, एक कुणी भेट दिलेला, बाकीचे ऑनलाइन लिलावातले. यातला सामन्यात वापरलेला कोणता, नुसता सरावाचा कोणता, कोणत्या वर्षाचा, असं विचारलं की मालक गप्प. न्यू जर्सी, शिकागो, पेनसिल्व्हेनिया या भागांतली मराठी मंडळी उन्हाळ्यात मुलांना घेऊन जवळच्या छोट्या मैदानांवर हमखास जातात, आणि संग्रहाची सुरुवातही तिथूनच होते. गडबडही तिथेच होते. चेंडू हातात आला म्हणजे काम झालं, असं बहुतेकांना वाटतं. पण चेंडूवर फार तर लीगचं नाव आणि एखादी छापील सही असते. तारीख, सामना, इनिंग, पिचर (चेंडू टाकणारा) यातलं काहीच नसतं. ते तुम्ही जोडायचं, आणि तेही त्याच दिवशी.

स्वतंत्र लीग म्हणजे जिचे क्लब मेजर लीगच्या, म्हणजे सर्वोच्च पातळीवरच्या बेसबॉलच्या, कुठल्याही क्लबला खेळाडू पुरवण्याच्या कराराने बांधलेले नाहीत ती. आजच्या मुख्य लीग चार: अटलांटिक लीग, अमेरिकन असोसिएशन, फ्रंटियर लीग आणि पायोनियर लीग. मेजर लीग बेसबॉलने या चौघींना ‘पार्टनर लीग’ असा दर्जा दिला आहे, पण त्यांचे क्लब स्वतंत्रच राहिले. म्हणून मायनर लीगचे (मेजर लीगच्या क्लबांशी जोडलेल्या खालच्या पातळीच्या संघांचे) चेंडू आणि यांचे चेंडू एका खणात टाकू नका.

## १. आधी ठरवा: नक्की काय जमवायचं

पहिला चेंडू विकत घेण्याआधी हे ठरवून कागदावर लिहा. पर्याय साधारण चार आहेत: प्रत्येक लीगचा एक चेंडू; एकाच लीगच्या शिक्क्याचे सगळे प्रकार; एका क्लबचे, तो ज्या ज्या लीगमध्ये खेळला त्या सगळ्यांचे; किंवा फक्त प्रत्यक्ष सामन्यात वापरलेले.

माझं मत विचाराल तर नवख्याने जवळचा एक क्लब धरावा. मैदान गाडीने गाठता येतं, क्लबची माणसं ओळखीची होतात आणि खोटा माल ओळखायची नजर लवकर येते. ‘मिळेल ते’ जमवणाऱ्यांचा संग्रह फुगतो, पण वाढत नाही.

मग चेंडूंचे चार वर्ग करा आणि पुढे कधीही एकमेकांत मिसळू नका:

अ. अधिकृत, सामन्यात वापरलेला.
आ. अधिकृत, न वापरलेला.
इ. सरावात वापरलेला.
ई. दुकानातला आठवण-चेंडू, म्हणजे क्लबचं बोधचिन्ह छापलेला.

इशारा: ‘अधिकृत’ आणि ‘सामन्यात वापरलेला’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. विक्रेते हे शब्द एकमेकांच्या जागी बिनदिक्कत वापरतात. अधिकृत म्हणजे फक्त लीगच्या शिक्क्याचा. तो खोक्यातून बाहेरही आलेला नसेल.

## २. क्लब आणि लीगचा तक्ता तयार करा

ही पायरी लोक कंटाळा करून गाळतात, आणि पुढे पैसे घालवून शिकतात. स्वतंत्र बेसबॉलमध्ये लीग जन्मतात, मरतात, एकमेकींत विलीन होतात. क्लब एका लीगमधून दुसरीत जातात. शहर तेच, मैदान तेच, पण चेंडूवरचा शिक्का वेगळा. तक्त्याला चार रकाने पुरतात: क्लब, मैदान, लीग, वर्षं.

न्यू जर्सी जॅकल्सचं उदाहरण घ्या. १९९८ मध्ये हा क्लब नॉर्थईस्ट लीगमध्ये सुरू झाला. १९९९ ते २००२ तो नॉर्दर्न लीगच्या पूर्व विभागात होता, २००३ आणि २००४ ला पुन्हा नॉर्थईस्ट लीगमध्ये, आणि २००५ ते २०१९ कॅन-ॲम (कॅनेडियन-अमेरिकन) लीगमध्ये. २०१९ च्या अखेरीस कॅन-ॲम लीग फ्रंटियर लीगमध्ये विलीन झाली, तेव्हापासून जॅकल्स फ्रंटियरमध्ये. मैदानही बदललं. २०२२ पर्यंत लिटल फॉल्सचं योगी बेरा स्टेडियम, २०२३ पासून पॅटरसनचं हिंचलिफ स्टेडियम. एका क्लबच्या मागे लागलात तर चार वेगवेगळ्या लीगचे चेंडू शोधावे लागतात, ते असे.

शिकागोजवळच्या शॉमबर्गची गंमत वेगळी. तिथल्या मैदानावर १९९९ ते २०१० नॉर्दर्न लीगचे शॉमबर्ग फ्लायर्स खेळले. २०११ रिकामं गेलं. २०१२ पासून फ्रंटियर लीगचे शॉमबर्ग बूमर्स. जोलिएटमध्ये २०१० पर्यंत नॉर्दर्न लीगचे जॅकहॅमर्स होते, २०११ पासून फ्रंटियरचे स्लॅमर्स.

काही क्लब तर स्वतंत्र बेसबॉलमधून बाहेरच पडले. ब्रिजवॉटरचे सॉमरसेट पेट्रियट्स १९९८ पासून अटलांटिक लीगमध्ये होते, २०२१ पासून न्यूयॉर्क यांकीजचा डबल-ए (मायनर लीगमधल्या वरून दुसऱ्या पातळीचा) संघ आहेत. सेंट पॉल सेंट्स १९९३ ते २००५ नॉर्दर्न लीगमध्ये, २००६ ते २०२० अमेरिकन असोसिएशनमध्ये आणि २०२१ पासून मिनेसोटा ट्विन्सचा ट्रिपल-ए (मायनर लीगमधल्या सर्वात वरच्या पातळीचा) संघ. उलट बाजूने केन काउंटी कूगर्स २०२१ मध्ये मायनर लीगमधून अमेरिकन असोसिएशनमध्ये आले. पायोनियर लीग तर अख्खीच २०२१ मध्ये स्वतंत्र झाली. तिचा त्याआधीचा चेंडू या संग्रहात बसत नाही, मग त्यावर ‘पायोनियर’ कितीही ठळक छापलेलं असो.

तक्त्यात २०२० ची ओळ लाल शाईने लिहा. त्या वर्षी अटलांटिक आणि फ्रंटियर या दोन्ही लीगनी साथीमुळे हंगाम रद्द केला. काही क्लबांनी आपापल्या मैदानांवर तात्पुरत्या स्पर्धा खेळवल्या, पण तो लीगचा हंगाम नव्हता. अमेरिकन असोसिएशनने मात्र मोजक्या संघांचा छोटा हंगाम खेळला.

तपासणी: पुढची तीन वाक्यं तुमचा तक्ता बघून खरी-खोटी ठरवा. ‘सॉमरसेट पेट्रियट्स, २०२२, अटलांटिक लीग.’ ‘फ्रंटियर लीग, जुलै २०२०, सामन्यात वापरलेला.’ ‘शॉमबर्ग बूमर्स, २००८.’ तिन्ही खोटी आहेत. तक्ता हाताशी असेल तर हे ओळखायला अर्धा मिनिटही लागत नाही.

## ३. मैदानावर जाण्याआधीची तयारी

हंगाम साधारण मे महिन्यापासून सप्टेंबरच्या सुरुवातीपर्यंत. अटलांटिक लीग थोडी आधी सुरू होते आणि थोडी उशिरा संपते. वेळापत्रक बघून गर्दी कमी असेल असा दिवस निवडा, म्हणजे आठवड्याच्या मधला. शुक्रवार-शनिवारी आतषबाजी असते, मुलं झुंडीने येतात, आणि फाऊल चेंडूमागे वीस जण धावतात.

पिशवीत काय असावं: स्वच्छ झिपच्या पिशव्या, मऊ सुती फडकं, छोटी वही, पेन्सिल, आणि दोन्ही संघांच्या खेळाडूंची नावं-क्रमांक लिहिलेला कागद. हातमोजा न्यायचा तर न्या. फक्त पिशवीच्या आकाराचे नियम क्लबच्या संकेतस्थळावर आधी वाचा.

जागा कुठली घ्यावी? डगआऊटच्या (खेळाडू बसतात त्या जागेच्या) लगेच वर, पहिल्या काही रांगांत. इनिंगचा तिसरा गडी बाद झाला की क्षेत्ररक्षक आत धावत येताना हातातला चेंडू बऱ्याचदा प्रेक्षकांत फेकतो, आणि तो चेंडू नुकताच खेळात होता याबद्दल शंका उरत नाही. फाऊल चेंडूच हवे असतील तर जाळी संपते तिथून पुढची, पहिल्या किंवा तिसऱ्या बेसच्या बाजूची जागा बरी. होम प्लेटच्या (बॅटर उभा राहतो त्या जागेच्या) थेट मागे जाळीआड बसून चेंडू मिळत नाही. सामना मात्र तिथून सगळ्यात छान दिसतो.

इशारा: जाळी नसलेल्या जागी बसलात तर पिचर चेंडू टाकत असताना फोनमध्ये बघायचं नाही. सोबत लहान मूल असेल तर जाळीमागेच बसा. चेंडू पुढच्या सामन्यातही मिळेल.

## ४. मैदानावर: चेंडू मिळवायचा कसा

क्रिकेट बघत मोठे झालेल्या आपल्या लोकांचा हात चेंडू मिळताच तो मैदानात परत फेकायला उचलला जातो. इथे प्रेक्षकांत आलेला चेंडू प्रेक्षकाचा. काही क्लब मुलांनी फाऊल चेंडू आणून दिला की त्या बदल्यात काहीतरी खाऊ देतात. ती योजना चालू असेल तर काउंटरवर देण्यापूर्वी चेंडूवरचा शिक्का एकदा बघून घ्या!

सरावाचे चेंडू आधी बाजूला काढा. सामन्याआधीच्या बॅटिंग प्रॅक्टिसमध्ये वाट्टेल ते चेंडू असू शकतात: घासलेले, जुन्या हंगामातले, बंद पडलेल्या लीगचे, कधी भलत्याच कंपनीचे. शिक्का लीगचा असला तरी सरावात मिळालेला चेंडू ‘इ’ वर्गातच जातो. मात्र अशा टोपल्यांतून जुन्या शिक्क्यांचे चेंडू सापडू शकतात, त्यामुळे शिक्के जमवणाऱ्याने सराव चुकवू नये. जाण्याआधी एक फोन करून दरवाजे किती वाजता उघडतात ते विचारा. अनेकदा ते उघडेपर्यंत यजमान संघाचा सराव संपलेला असतो.

सामना सुरू झाल्यावर मिळणारे चेंडू तीन वाटांनी येतात. पहिली, फाऊल किंवा होम रन (मैदानाबाहेर टोलवलेला चेंडू) थेट तुमच्याकडे. दुसरी, खेळाडू, प्रशिक्षक किंवा बॉल-बॉयने फेकलेला. तिसरी, सामना संपल्यावर मागितलेला. या लीगमध्ये तिसरी वाट मेजर लीगपेक्षा कितीतरी सोपी आहे. मैदानं छोटी, खेळाडू कुंपणाशी थांबून बोलणारे. मागताना खेळाडूला नावाने हाक मारा. म्हणून तर तो कागद बरोबर ठेवायचा. काही क्लब सामन्यात वापरलेले चेंडू दुकानात विकतात. तिथे कोणत्या सामन्यातला ते विचारा आणि शक्य असेल तर पावतीवर लिहून घ्या. ‘या हंगामातला’ एवढंच उत्तर मिळालं तर नोंदीतही तेवढंच लिहायचं.

मैदानाबाहेर गाड्यांच्या तळावर पडणारे फाऊल चेंडू शोधत फिरणारेही आहेत. चालेल, पण चालू रस्त्यावर चेंडूमागे धावू नका, आणि दुसऱ्याच्या गाडीखाली शिरू नका.

इशारा: चेंडू खेळात असताना कुंपणावरून आत हात घालायचा नाही. त्याने खेळात अडथळा होतो आणि मैदानाबाहेर काढलं जाऊ शकतं. आणि शेजारच्या मुलाच्या हातातून चेंडू हिसकावणाऱ्याचा फोटो त्याच संध्याकाळी सगळीकडे फिरतो, हेही लक्षात असू द्या.

## ५. त्याच संध्याकाळची नोंद

सगळ्यात महत्त्वाची पायरी ही, आणि सगळ्यात जास्त चुका इथेच.

चेंडू हातात आल्याबरोबर, पुढच्या पिचच्या आधी, वहीत लिहा: तारीख, दोन्ही संघ, इनिंग, बॅटर, पिचर, आणि चेंडू तुमच्याकडे कसा आला. तिथेच मैदान मागे दिसेल असा एक फोटो काढा. मग चेंडू पिशवीत एकटा ठेवा. दुसरा मिळाला तर दुसरी पिशवी. दोन चेंडू एका पिशवीत गेले की घरी पोहोचेपर्यंत कुठला कुणाचा हे सांगणारा कुणी नसतो.

घरी आल्यावर चेंडूचे सहा बाजूंनी फोटो काढा. बॅटचा डाग, गवताचा हिरवा ओरखडा, टाक्यांवरची माती यांची ठेवण प्रत्येक चेंडूत निराळी असते. उद्या खोकी बदलली, पिशव्या फाटल्या, तरी या खुणांवरून चेंडू आणि नोंद यांची गाठ पुन्हा घालता येते. नोंद क्रमांक पिशवीवर आणि खोक्यावर लिहायचा. चेंडूवर काहीही लिहायचं नाही, पेन्सिलनेसुद्धा नाही, आणि चिकटपट्टी तर मुळीच लावायची नाही.

पुढचं काम, सामन्याचा अधिकृत धावफलक साठवणं. लीगच्या संकेतस्थळावरून तो उतरवून घ्या आणि छापूनही ठेवा. ‘ऑनलाइन आहेच की’ म्हणू नका. नॉर्दर्न लीगचा शेवटचा हंगाम २०१० चा, कॅन-ॲमचा २०१९ चा. लीग गेली की काही काळाने तिचं संकेतस्थळही जातं. तिकीट फोनवर असेल तर त्याचं छायाचित्र घ्या, कारण सामना झाल्यावर ते ॲपमधून नाहीसं होऊ शकतं.

शेवटी खात्रीचा दर्जा द्या. मी चार पायऱ्या वापरतो: स्वतः बघितलं आणि स्वतः मिळवलं, खेळाडूने किंवा क्लबच्या माणसाने हातात दिलं, कागदपत्रांसह विकत घेतलं, आणि फक्त तोंडी माहिती. दर्जा कधीही वर चढवायचा नाही. तोंडी माहितीचा चेंडू कितीही आवडता असला तरी शेवटच्या पायरीवरच राहतो.

एवढा आटापिटा कशासाठी, तर अटलांटिक लीगचं उदाहरण बघा. २०१९ मध्ये या लीगने स्ट्राइक-बॉल (टाकलेला चेंडू बॅटरसमोरच्या ठरावीक टप्प्यातून गेला की नाही) ठरवण्यासाठी स्वयंचलित यंत्रणा वापरायला घेतली. २०२१ च्या हंगामाच्या उत्तरार्धात पिचरचा रबर (ज्यावर पाय ठेवून तो चेंडू टाकतो ती पट्टी) एक फूट मागे सरकवला, म्हणजे होम प्लेटपासून ६० फूट ६ इंचांऐवजी ६१ फूट ६ इंचांवर. बेसबॉलच्या इतिहासात असे सामने फारच थोडे. पण त्या सामन्यातला चेंडू आणि त्याच वर्षी जूनमधला चेंडू शेजारी ठेवून नुसत्या नजरेने त्यांतला फरक सांगता येणार नाही. फरक फक्त तुमच्या नोंदीत असतो.

पायोनियर लीगसाठी एक वेगळा रकाना ठेवा. २०२१ पासून तिथे बरोबरी झाली की जादा इनिंग न खेळवता होम रनच्या चढाओढीने निकाल लावतात. त्या चढाओढीतला चेंडू सामन्याच्या रात्रीचा खरा, पण पिचर-बॅटरच्या लढतीतला नव्हे. नोंदीत तसं स्पष्ट लिहा.

तपासणी: नोंद घरातल्या दुसऱ्या माणसाला वाचायला द्या. तुम्हाला न विचारता त्याला पेटीतून तोच चेंडू काढता आला पाहिजे.

## ६. चेंडू आणि शिक्का वाचणं

चेंडूवर कातड्याचे दोन तुकडे टाक्यांनी जोडलेले असतात; दुहेरी टाके १०८. टाक्यांच्या दोन ओळी जिथे सर्वात जवळ येतात ती जागा म्हणजे स्वीट स्पॉट. शिक्का कोणत्या भागावर आहे, त्यात लीगचं नाव आहे की फक्त बोधचिन्ह, खाली कुणाची सही आहे, कंपनीचं नाव कुठे आहे, देश कोणता छापलाय, शाईचा रंग कोणता, हे सगळं जसंच्या तसं लिहून घ्या. शिक्क्याचे प्रकार नेमके याच बारकाव्यांनी वेगळे होतात.

छापील सहीवरून काळ ठरवताना जपून. १९९३ मध्ये नॉर्दर्न लीग उभी करणारे माइल्स वुल्फ पुढे अमेरिकन असोसिएशन आणि कॅन-ॲम या दोन्ही लीगचे एकाच वेळी कमिशनर (लीगचे प्रमुख, ज्यांची सही चेंडूवर छापतात) होते. त्यामुळे सही ओळखली म्हणून लीग किंवा वर्ष हाती लागलं असं समजू नका. शिवाय छापून ठेवलेले चेंडू संपेपर्यंत वापरले जाऊ शकतात, म्हणजे पदावरचा माणूस बदलल्यावरही जुनी सही मैदानात दिसू शकते. शिक्क्यावरून काळाची एक चौकट मिळते, नेमकी तारीख नोंदीवरूनच कळते.

आता मोजमाप. नियमाप्रमाणे वजन ५ ते ५¼ औंस, म्हणजे साधारण १४२ ते १४९ ग्रॅम. परीघ ९ ते ९¼ इंच, म्हणजे २२.९ ते २३.५ सेंटिमीटर. स्वयंपाकघरातला डिजिटल काटा आणि शिंप्याची टेप पुरते. हातात घेतल्यावर आपल्या सीझन बॉलपेक्षा तो जरा हलका लागेल. पावसात भिजलेला चेंडू जड भरतो, म्हणून पूर्ण वाळल्यावरच वजन करा. दुकानातल्या आठवण-चेंडूचं कव्हर अनेकदा कृत्रिम असतं. त्याला कातड्याची छिद्रं दिसत नाहीत आणि तो प्लॅस्टिकसारखा चमकतो.

सामन्यात उतरणारा चेंडू कोरा पांढरा नसतो. नव्या चेंडूची चकाकी घालवायला त्यावर आधी माती चोळतात. मेजर लीगमध्ये वापरली जाणारी माती न्यू जर्सीच्या बाजूला, डेलावेअर नदीच्या एका उपनदीच्या काठावरून येते. लेना ब्लॅकबर्न यांच्या नावाने ती ओळखली जाते. चोळलेला चेंडू मळकट सायीच्या रंगाचा दिसतो आणि टाक्यांच्या खाचांत माती अडकलेली असते. ‘सामन्यात वापरलेला’ म्हणून दाखवलेला चेंडू दुधासारखा पांढरा असेल तर भुवया उंचावल्याच पाहिजेत. याच्या उलट मात्र खरं धरू नका, कारण घरामागच्या अंगणातही चेंडू मळतो. लाकडी बॅटच्या फटक्याने कधी रंगाचा पट्टा तर कधी लाकडाच्या रेषांचा ठसा उमटतो. डांबरी रस्त्यावर घासलेल्या चेंडूचे ओरखडे याहून खोल आणि काळे असतात.

इशारा: शिक्क्यावर बोट फिरवून ‘बघणं’ बंद करा. घामट हाताने शाई पुसट होते.

## ७. विकत घेताना

बंद पडलेल्या लीगचे चेंडू विकतच घ्यावे लागतात. नॉर्दर्न लीग, कॅन-ॲम, १९९५ ते २००२ ची वेस्टर्न लीग, २००५ ते २०१० ची गोल्डन लीग, यांचे चेंडू आता मैदानावर मिळणार नाहीत.

पैसे देण्याआधी विक्रेत्याकडून सहा बाजूंचे फोटो मागा, त्यात शिक्क्याचा एक जवळून. फोटो सावलीत, फ्लॅश न मारता काढलेला हवा. फ्लॅशमध्ये पिवळेपणा लपतो. मग तक्ता काढून क्लब, लीग, वर्ष ताडून बघा. यात जुळत नसेल तर चर्चाच नको.

प्रमाणपत्राच्या बाबतीत बरेच जण फसतात. मेजर लीगमध्ये २००१ पासून चेंडूवर होलोग्राम लावून सामन्यातला वापर प्रमाणित करतात. तसली यंत्रणा इथे असेल असं गृहीत धरू नका. पीएसए, जेएसए, बेकेट या सह्या तपासणाऱ्या कंपन्यांच्या प्रमाणपत्रात तपासलेली असते ती सही. चेंडू सामन्यात होता की नाही हे त्यात तपासलेलं नसतं. खऱ्या सहीचा न वापरलेला चेंडू ‘सामन्यातला’ म्हणून विकला जातो, तो याच गैरसमजावर.

डझनाच्या खोक्यातले न वापरलेले चेंडू एकत्र मिळत असतील तर ‘आ’ वर्गासाठी तो चांगला सौदा. खोकं फेकू नका, त्यावरची छपाई शिक्क्याइतकीच उपयोगी असते.

## ८. सही घ्यावी की नाही

शिक्क्याच्या प्रकारासाठी ठेवलेल्या चेंडूवर सही घेऊ नका. सहीसाठी वेगळा चेंडू न्या. घ्यायचीच तर निळ्या बॉलपेनने, शिक्क्यापासून दूर, रिकाम्या स्वीट स्पॉटवर. मार्करची शाई कातड्यात पसरते आणि काही वर्षांत अक्षरं फुगीर होतात. सही झाल्यावर ती फुंकर मारून वाळवायची, लगेच पिशवीत कोंबायची नाही.

## ९. साफसफाई आणि साठवण

साफ करू नका. एवढं एक वाक्य पाळलं तरी अर्धे चेंडू वाचतील. माती, डाग, ओरखडे हाच त्याच्या वापराचा पुरावा. खोडरबर, ओलं फडकं, साबण, बुटाचं पॉलिश, काहीही नको. सुटी वाळू लागली असेल तर कोरड्या मऊ फडक्याने हलकेच झटका. ओला चेंडू सावलीत, हवेशीर जागी दोन-तीन दिवस ठेवा. ऊन, हीटर, केस वाळवायचं यंत्र यांनी कातडं आक्रसतं आणि टाके ताणले जातात.

वाळल्यावर चेंडू पारदर्शक ॲक्रिलिक चौकोनी खोक्यात, अतिनील किरण अडवणारं असेल तर उत्तम. तरीही खिडकीसमोर नाही. मैदानावरून आणलेल्या झिपच्या पिशव्या फक्त प्रवासापुरत्या. कायमच्या ठेवल्यात तर आत ओल कोंडते. हाताळताना हात धुऊन पूर्ण कोरडे करा. आज न दिसणारे बोटांचे तेलकट ठसे काही वर्षांनी पिवळे होऊन वर येतात.

तपासणी: वर्षातून दोनदा सगळे चेंडू बाहेर काढून आधीच्या फोटोंशी ताडा. रंग बदलत असेल तर खोकं नाही, जागा बदला.

## १०. भारतात आणायचे असतील तर

चेंडू हातातल्या सामानात घ्या, प्रत्येक आपापल्या खोक्यात, नोंदींच्या छापील प्रतीसह. बॅट मात्र विमानाच्या केबिनमध्ये चालत नाही, ती चेक-इनमध्ये. टपालाने मागवत असाल तर विक्रेत्याला खरी किंमत लिहायला सांगा. सीमाशुल्क वाचवायला किंमत कमी दाखवली आणि पाकीट हरवलं, तर भरपाईही तेवढीच मिळेल.

मुंबई, कोकण आणि गोव्यात खरी परीक्षा पावसाळ्यात. कातड्याला बुरशी लागायला जून ते सप्टेंबरची हवा पुरेशी असते. चेंडू बाहेरच्या भिंतीला लागून असलेल्या कपाटात ठेवू नका. बंद पेटीत सिलिका जेलच्या पुड्या आणि एक स्वस्तातला आर्द्रतामापक ठेवा. काटा ५० टक्क्यांच्या आसपास राहील असं बघा, आणि पुड्या ओल्या झाल्या की बदला. डांबराच्या गोळ्या पेटीत टाकू नका, त्यांचा वास कातड्यात कायमचा बसतो. बुरशीचा ठिपका दिसलाच तर तो चेंडू आधी वेगळा काढा, बाकीचे तपासा, कोरड्या हवेत चार-पाच दिवस ठेवा आणि मग गच्चीत किंवा गॅलरीत नेऊन मऊ कोरड्या ब्रशने हलक्या हाताने झाडा. नंतर नव्याने सहा फोटो काढून जुन्या नोंदीला जोडा आणि त्यावर तारीख घाला.